एक वाटी मटकी, बत्तीस तास
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: रात्रीचं स्वयंपाकघर. ओट्यावर फक्त एक पातेलं.]

डोंबिवली. रविवार, रात्रीचे सव्वादहा. भांडी पालथी घातली आहेत, ओटा पुसून झालाय. ओट्यावर एक पातेलं, त्यात एक वाटी मटकी आणि वर चार बोटं पाणी. या मटकीची उसळ डब्यात जाईल मंगळवारी सकाळी. अजून बत्तीस तास आहेत.

या घरात मोठं माणूस एकच आहे, आई. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा. सकाळी पावणेआठला घर सोडायचं, फास्ट लोकलनं तासाभरात सीएसएमटी, आणि परत दाराशी यायला संध्याकाळचे साडेसात. घरात जागेपणी मिळतात जेमतेम पाच-सहा तास, तेही दोन तुकड्यांत.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, पुरुषांचे ९७. एकट्या पालकाच्या घरात हे दोन्ही रकाने एकाच माणसाच्या नावावर असतात. पोळ्या त्यानंच लाटायच्या आणि गळका नळही त्यानंच बघायचा.

हात भराभर चालवून हे गणित सुटत नाही. ते सुटतं कामांची वाटणी वेगळी केली की. काही कामांना हात लागतात: लाटणं, निवडणं, घासणं, वाळत घालणं. काहींना नुसता वेळ लागतो: भिजणं, मोड येणं, आंबणं, वाफ जिरणं, वाळणं. ही दुसरी कामं झोपेत आणि ऑफिसच्या वेळात होऊ द्यायची. आणि त्यासाठी ती आदल्या दिवशी आठवायला हवीत. खरी मेहनत इथे आहे.

[दृश्य: सोमवार, पहाटे पावणेसहा. चाळणीतून निथळणारी मटकी.]

साडेसात तासांत मटकी फुगून दुप्पट झालीय. चाळणीत ओतायची, एकदा धुवायची आणि पाच मिनिटं तशीच निथळू द्यायची. घाईत माणसं ही पाच मिनिटं खातात, आणि संध्याकाळी मटकी बुळबुळीत होऊन तिला आंबूस वास येतो. मोडाला ओल लागते, पाणी नाही. मग सुती पंचात बांधून चाळणीतच झाकून ठेवायची, म्हणजे खालून हवा खेळते. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड दिसतात. डिसेंबरात पूर्ण दिवस लागतो, तेव्हा पोटली बंद कुकरमध्ये किंवा गव्हाच्या डब्यावर, जरा उबेला.

बांधण्याआधी एक हात फिरवून गणंग काढायचे. न फुगलेला, खड्यासारखा दाणा. तो कितीही शिट्ट्या केल्या तरी शिजत नाही आणि सहा वर्षांच्या दुधाच्या दातांखाली नेमका तोच येतो.

पोटली बांधून झाली. हाताचं काम, तीन मिनिटं.

[दृश्य: वॉशिंग मशीनचं गोल दार. आत गणवेश फिरताहेत.]

या इमारतीत पाणी सकाळी सहा ते सात. मशीन त्याच तासात बसवावं लागतं, कारण मध्येच नळ गेला की ते चूक दाखवून थांबतं आणि ओले कपडे संध्याकाळपर्यंत आत कुजत राहतात. म्हणून कपडे रात्रीच आत भरायचे, पावडर खणात घालायची आणि टायमर सहाचा. गणवेश मळलेले नसतात, नुसते घामट असतात. त्यांना अर्ध्या तासाचा छोटा प्रोग्राम पुरतो. चादरी-टॉवेल रविवारी, लांबच्या प्रोग्रामवर.

ड्रम ठासून भरला की कपडे आपटत नाहीत, नुसते एकमेकांना चिकटून फिरतात आणि कॉलरचा मळ तसाच राहतो. वरच्या बाजूला एक मूठ आरामात जाईल एवढी जागा हवी. पावडर जास्त घातली तर स्वच्छ निघतात हा गैरसमज. फेस नीट निघत नाही, टॉवेल कडक होतात आणि दाराच्या रबरात काळपट थर धरतो. धुऊन झालं की ते रबर पुसायचं आणि दार उघडं ठेवायचं.

महिन्यातून एकदा खालचा फिल्टर. प्लग काढा, पुढे पसरट ताट ठेवा, झाकण हळूहळू सैल करा. आधी साठलेलं पाणी येईल आणि मग एक नाणं, केसांचा चाप, एखादी गोटी. मशीन पाणी टाकत नाही म्हणून मेकॅनिकला बोलावलं जातं, तेव्हा बऱ्याचदा दोष या गोटीचा असतो.

एका माणसाच्या घरात पहिले पैसे कशावर घालावेत, असं विचारलं तर आमचं उत्तर फुल ऑटोमॅटिक मशीन. सेमी-ऑटोमॅटिक स्वस्त पडतं, पण ते कपडे इकडून तिकडे काढायला बाजूला माणूस मागतं. आणि तेच तर इथे नाही.

[दृश्य: गॅसवर कुकर. शेजारी तवा.]

सहा वाजता फ्रिजमधली कणीक बाहेर. ती काल रात्री मळलेली आहे, नेहमीपेक्षा किंचित घट्ट, कारण रात्रभरात सैल होते. वर तेलाचं बोट आणि घट्ट झाकणाचा डबा. हवा लागली की चिरलेल्या वांग्यासारखीच ती काळपट पडते. खायला अपाय नाही, पण शाळेच्या डब्यात करडी पोळी मुलं उघडत नाहीत. चोवीस तासांच्या आत संपवायची. लाटायच्या आधी वीस मिनिटं बाहेर ठेवली नाही तर कडा चिरतात.

पाव किलो पिठाच्या साधारण आठ घडीच्या पोळ्या होतात. एका तव्यावर पंधरा ते वीस मिनिटं. ही पूर्णपणे हाताची वेळ आहे, इथे कुठलीच युक्ती चालत नाही. ज्या दिवशी रात्री नऊला घर गाठलंय, त्या दिवशी पोळी-भाजी केंद्रातून दहा पोळ्या आणणं हा आळस नाही. पोळी-भाजी केंद्रं गावोगाव चालतात ती याच वीस मिनिटांवर.

तव्याशेजारी कुकर. तळात दोन पेले पाणी, त्यात लिंबाची पिळलेली फोड, म्हणजे ॲल्युमिनियम आतून काळं पडत नाही. खालच्या डब्यात डाळ, एकास तीन पाणी, हळद, हिंग. वरच्या डब्यात तांदूळ, एकास दोन. तीन शिट्ट्या, मग मंद आचेवर पाच मिनिटं, आणि बंद. पुढची पंधरा मिनिटं वाफ आपोआप जिरू द्यायची. शिट्टी उचलून वाफ काढली की डाळ उसळून झाकणाला लागते आणि ती भोकं साफ करण्यात वाचवलेला वेळ जातो.

शिट्टी होत नाही आणि कडेनं वाफ सुटते, म्हणजे रिंग सैल झाली. तात्पुरता उपाय, दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून लावायची. ती एवढ्या दिवसापुरती बसते. घरात एक रिंग आणि एक सेफ्टी वॉल्व्ह जादा हवाच. विकत घेताना जुनी रिंग पिशवीतून न्या, लिटर सांगून भागत नाही. तळाचं पाणी आटलं तर वॉल्व्ह उडतो, आणि तो नेमका सोमवारी सकाळी सव्वासहालाच उडतो.

[दृश्य: दाराच्या मागे खिळ्याला अडकवलेली किल्ली.]

आता मावशी. अडचण कामाची नाही, वेळेची आहे. मावशी नऊला येतात आणि घर पावणेआठला बंद होतं. इथे तीन तोडगे चालतात. किल्ली शेजारच्या आजींकडे ठेवणं. मावशींना संध्याकाळी साडेसातनंतरची शेवटची फेरी देणं. किंवा रोजचं एकच काम, भांडी, आणि लादी एक दिवसाआड. रोज केर-लादी-कपडे-भांडी असं सगळं सांगण्यापेक्षा जे यंत्र करतं ते यंत्राला द्यावं आणि हाताचं तेवढं माणसाला. पगार ठरवतानाच महिन्याच्या सुट्ट्याही बोलून घ्याव्यात, मग दांडीची कुरकुर दोन्ही बाजूंनी उरत नाही.

दांडीच्या दिवशी भांडी वाढतात ती सुकल्यामुळे. भाताचं पातेलं, दुधाचं पातेलं, कुकरचे डबे उष्टी झाल्या झाल्या पाण्यानं भरून ठेवले की रात्री घासायला अर्धा वेळ लागतो. लोखंडी तवा आणि कढई मात्र कधी भिजत टाकू नये, सकाळपर्यंत गंज धरतो. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नये, काळं पडतं.

[दृश्य: जुलै. घरात दोरीवर गणवेश. वर पंखा.]

पावसाळ्यात हे सगळं वेळापत्रक एका गोष्टीवर अडतं: कपडे वाळत नाहीत. कपड्याला येणारा कुबट वास मळाचा नसतो, तो ओलसर कापडात तासन् तास वाढणाऱ्या जीवाणूंचा असतो. म्हणजे वाळायला लागणारा वेळ कमी करायचा, अत्तर मारायचं नाही. जादा स्पिन एकदा फिरवा. दोन कपड्यांत चार बोटं अंतर. पँट उलटी, कमरेकडून टांगलेली, खिसे बाहेर ओढलेले, कारण शेवटपर्यंत ओले राहतात ते खिसे. पंखा रात्रभर. सकाळी शिवणींवरून इस्त्री फिरवली की उरलेली ओल निघते. गणवेश दोन नाही, तीन जोड हवेत. तिसरा जोड महाग वाटतो, पण फक्त जूनमध्ये.

[दृश्य: सोमवार संध्याकाळ. मुलगा पोटली उघडून बघतोय.]

"ताई, शेपट्या आल्या!"

मोड अर्धा इंचाचे झालेत. ताई पोटली सोडते, मटकी डब्यात घालते आणि डबा फ्रिजमध्ये. बाहेर राहिली तर रात्रभरात मोड लांबून कडवट होतात आणि पानं फुटू लागतात.

मुलांना काम द्यायचं तर "मदत कर" म्हणून भागत नाही. त्यांना सबंध काम लागतं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. सहा वर्षांच्या मुलाकडे तीन: शाळेतून आल्यावर डबा उघडून मोरीत ठेवणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, ताटं-पाण्याचे पेले मांडणं. अकरा वर्षांच्या मुलीकडे कपड्यांच्या घड्या, मटार किंवा लसूण सोलणं, पोटली आणि रात्री दोन्ही दप्तरं दाराशी. घडी वाकडी आली तर वाकडीच कपाटात जाऊ द्यावी. परत घालून दिली की ते काम कायमचं आईकडे येतं.

गॅसला हात नाही. आई निघताना शेगडीबरोबर रेग्युलेटरही बंद करते, रोज. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत तीन नंबर आहेत: गॅस गळतीसाठी १९०६, कुठल्याही संकटासाठी ११२, आणि शेजारच्या आजींचा. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. बदलायचं साल नळीवर छापलेलं असतं, ते वाचायला दहा सेकंद लागतात.

आता रात्रीचे सव्वानऊ. शाळेच्या ग्रुपवर निरोप: उद्या निळा घोटीव कागद आणि चार्ट पेपर आणणे. दुकान बंद झालेलं. अशा निरोपांसाठी कपाटावर एक पेटी असते: दोन चार्ट पेपर, घोटीव कागदांचं पाकीट, डिंकाची बाटली, तपकिरी कव्हरचा गुंडाळा, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा. जूनमध्ये एकदा भरली की दिवाळीपर्यंत पुरते. शाळा हे निरोप रात्री नऊलाच का पाठवतात, याचं उत्तर या माहितीपटाकडे नाही.

[दृश्य: रविवार दुपार. टीव्हीसमोर पसरलेला पेपर, त्यावर गवार.]

रविवारी दोन तास, त्याहून जास्त नाही. भाज्या निवडायच्या, पण धुवायच्या नाहीत. ओली मेथी दोन दिवसांत सडते, कोरडी निवडून कागदात गुंडाळलेली चार दिवस टिकते. मेथी आधी संपवायची, गवार-फरसबी नंतर, कोबी-भोपळा शुक्रवारला. अर्धा किलो शेंगदाणे भाजून कूट. दाणे पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावायचे, गरम असताना फिरवले की तेल सुटून गोळा होतो आणि कूट लवकर खवट होतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून बर्फाच्या ट्रेमध्ये. गोठलं की वड्या पिशवीत. एका भाजीला दोन वड्या.

सात दिवसांच्या सात भाज्या शिजवून फ्रिजमध्ये रचायचा सल्ला सगळीकडे दिसतो. आपल्या जेवणाला तो मानवत नाही. गुरुवारपर्यंत मुलं डबा परत आणतात. कच्ची तयारी पुढे करावी, फोडणी रोजची ताजी. उरलेला भात मात्र जेवण झाल्याबरोबर फ्रिजमध्ये. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं, ते सकाळी फोडणी देऊन जात नाही.

[दृश्य: मंगळवार, सकाळी सहा. कढईत मोहरी तडतडते.]

तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. वाटणाच्या दोन वड्या. त्यावर मटकी, एक पेला गरम पाणी, झाकण. दहा-बारा मिनिटं. मीठ आणि गूळ शेवटी, चमचाभर गोडा मसाला. वाटीभर मटकीचे मोड झाले जवळजवळ तीन वाट्या, तीन डब्यांना पुरून एक वाटी उरते, ती रात्री मिसळीला. रविवारपासून या उसळीला हात लागले ते एकूण वीस-बावीस मिनिटं.

सात वीस. डबे भरले. पातेलं धुऊन झालंय, पण पालथं घातलेलं नाही. त्यात तीन वाट्या तांदूळ पडतात, बाजूच्या भांड्यात एक वाटी उडीदडाळ आणि अर्धा चमचा मेथ्या. उकाडा आहे, म्हणून दोन्ही भांडी फ्रिजमध्ये. रात्री नऊला वाटायचं आणि डबा निम्माच भरायचा, नाहीतर पहाटे पीठ ओट्यावर उतरलेलं सापडतं.

[दृश्य: रेग्युलेटर बंद करणारा हात. दार ओढल्याचा आवाज.]