उमलण्याआधीची कळी

[दृश्य: सकाळ. रस्त्याच्या कडेने पांढऱ्या जाळीच्या शेडनेटची रांग, मधे प्लास्टिक अंथरलेलं शेततळं.]

जालन्याहून देऊळगाव राजाकडे निघालं की रस्त्यालगत शेडनेट दिसू लागतात. आत टोमॅटो आहे, मिरची आहे, काकडी आहे. पण यातलं काहीच मंडईत जाणार नाही. इथलं पीक म्हणजे बी, दोन वाणांच्या संकरातून तयार होणारं.

१९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणं कंपनी सुरू केली. पुढे इतर कंपन्या आल्या आणि बीजोत्पादन आसपासच्या गावांत पसरलं. कमी पाऊस हे या भागाचं जुनं दुखणं, पण बियाण्याला कोरडी हवाच मानवते. फळं पिकण्याच्या दिवसांत पाऊस नसला की फळकूज कमी होते आणि बी लवकर वाळतं.

नर वाण पराग देतो, मादी वाणावर बियाण्याची फळं धरतात. दोन्हींचं बी कंपनी देते, बहुतेक वेळा ऑर्गनायझरमार्फत, म्हणजे कंपनी आणि शेतकरी यांच्यातल्या मध्यस्थामार्फत. तयार बियाण्याचा किलोचा भाव आधीच ठरलेला असतो. टोमॅटोत साधारण चार-पाच मादी झाडांमागे एक नर झाड. नराची पेरणी दोन-तीन आठवडे आधी करायची, कारण मादीला कळ्या लागतील तेव्हा पावडर तयार हवी. परागकणांना इथे सगळे पावडरच म्हणतात.

[दृश्य: दुपार उलटलेली. मादीच्या ओळीत बसलेल्या बायका. कॅमेरा एका कळीवर.]

हे सगळं काम या एका कळीवर उभं आहे.

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. फूल उमललं की स्वतःचेच पराग स्वतःवर पडतात आणि संकर होत नाही. म्हणून कळी उमलण्याच्या आदल्या दिवशीच गाठायची. पाकळ्या हिरव्या दलांतून किंचित बाहेर आलेल्या, रंग फिकट, पिवळेपणाची नुसती झाक. आतला पुंकेसरांचा शंकूही अजून हिरवट-पिवळा. चिमट्याने तो शंकू अलगद उकलून काढायचा आणि मधली स्त्रीकेसराची नाजूक काडी तशीच ठेवायची. कळी फार कोवळी घेतली तर काडी मोडते, किंवा फळ धरलं तरी बी भरत नाही. पाकळ्या गर्द पिवळ्या झाल्या असतील, तर उशीर झालेला असतो. ती कळी तोडूनच टाकायची. तिचा मोह धरला की प्लॉटमध्ये सेल्फ, म्हणजे स्वतःच्याच परागांचं बी, शिरलं.

नराची फुलं सकाळी गोळा होतात. त्यांचे पुंकेसर बल्बच्या मंद उबेत वाळवून बारीक जाळीतून चाळतात. ही पावडर डबीत, ओल न लागू देता ठेवायची. दमट हवेत तिचे गोळे होतात आणि जोर जातो. लागेल तेवढीच बाहेर काढायची, बाकीची फ्रिजमध्ये.

[दृश्य: दुसरी सकाळ. बोटात अंगठी, अंगठीच्या वाटीत पिवळी पावडर.]

आता क्रॉसिंग, म्हणजे नराची पावडर मादीच्या फुलाला लावणं. काडीचं टोक पावडरीत टेकवलं की काम झालं. फुलाची दोन हिरवी दलं कापलेली दिसतात, ती क्रॉस झाल्याची खूण. फळ पिकेपर्यंत ती टिकते. उन्हाचा पारा पस्तिशीच्या वर गेला तर पावडर लावूनही फळ धरत नाही, म्हणून हे काम सकाळच्या गारव्यात उरकायचं.

हिशेब करून पाहा. दहा गुंठ्यांत दोन हजार मादी झाडं आणि झाडाला तीस फळं धरली, तर साठ हजार फुलं. प्रत्येक फुलाला किमान दोनदा हात लागतो. या कामाचा मोठा भार बायकांवर आहे. त्यांची नजर आणि बोटांची सवय हेच इथलं खरं भांडवल, आणि मजुरीचा दर ठरवताना हे कौशल्य मोजलं गेलंच पाहिजे.

रोगांचं भय वेगळंच. पांढरी माशी पर्णगुच्छाचा विषाणू आणते, म्हणून बारीक छिद्रांची जाळी आणि दोन दारं. मोझॅकसारखे काही विषाणू तर हातांवरून, चिमट्यावरून झाडोझाड फिरतात आणि बियाण्यासोबत दूरवर जातात. त्यामुळे आत तंबाखूला बंदी, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय झाडाला लावायचे नाहीत.

ठरलेली फळं धरली की उरलेल्या कळ्या आणि फुलं खुडून टाकतात. पानाआड एखादं न क्रॉस केलेलं फळ राहतंच. म्हणून साधारण पन्नास-साठ दिवसांनी तोडणीच्या वेळी प्रत्येक फळाचा देठ पाहायचा. कापलेली दलं नसतील तर ते फळ बाजूला.

[दृश्य: प्लास्टिकच्या पिंपात फळांचा लगदा. काठीने ढवळणं.]

पूर्ण लाल, मऊ फळं चिरडून लगदा एक-दोन दिवस आंबवतात. बियांभोवतीचा बुळबुळीत थर त्याने सुटतो. लोखंडी भांडं नको, बी काळवंडतं. पाणीही घालायचं नाही. पाणी घातलं किंवा आंबवण लांबलं तर पिंपातच कोंब फुटू लागतात. चिमूटभर बी बोटांत चोळून पाहायचं. खरखरीत लागलं की लगेच धुवायला घ्यायचं. हलकं, पोकळ बी पाण्यावर तरंगतं, ते ओतून द्यायचं. मग कापडावर पातळ पसरून सावलीत वाळवायचं आणि हलवत राहायचं. तापलेल्या फरशीवर भर उन्हात टाकलेलं बी दिसायला छान दिसतं, पण उगवत नाही. हवाबंद पाकिटासाठी ओलावा सहा टक्क्यांपर्यंत खाली यावा लागतो.

बी कंपनीकडे जातं, पण हिशेब तिथे संपत नाही. नमुना पेरून झाडं वाढवतात आणि त्यात वेगळी किती निघतात ते मोजतात. हीच ग्रो आउट टेस्ट, जीओटी. सरकारी प्रमाणीकरणात संकरित टोमॅटोला ९० टक्के शुद्धता चालते. कंपन्यांची करारातली अट त्याहून कडक असते. जीओटी फेल गेली तर महिन्यांची मेहनत आणि मजुरीवर घातलेला पैसा बुडतो. करार करतानाच शेतकऱ्याने हे लेखी मागावं: नमुना कोणासमोर काढणार, निकाल किती दिवसांत देणार, आणि फेल गेलं तर बियाण्याचं काय करणार.

[दृश्य: रिकामं शेडनेट. कोपऱ्यात रोपांचे ट्रे.]

निकालाचा फोन अजून यायचा आहे. ट्रेमध्ये पुढच्या प्लॉटची रोपं उगवून आली आहेत, सगळी नराची. मादीची पेरणी वीस दिवसांनी.