सुट्टीतल्या वाचनाचा हिशोब मागू नका

(अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

अध्यक्ष, कार्यकारिणीतली मंडळी आणि जेवणानंतरही जागं राहायचं ठरवलेले श्रोतेहो, नमस्कार.

‘मुलांना वाचनाचं महत्त्व सांगा’ असं मला निमंत्रणात लिहून आलं होतं. मुलं बाहेर क्रिकेट खेळताहेत, ती तिथेच बरी आहेत. नाशिकच्या शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवलं, पण वाचनाचं महत्त्व ऐकून वाचायला लागलेलं मूल माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा बोलायचंय ते तुमच्याशी, आणि तेही फक्त सहावी ते आठवीच्या मुलांबद्दल.

लहानपणी आपण त्यांना मांडीवर घेऊन वाचून दाखवतो. स्वतः वाचता यायला लागलं की ते बंद होतं. सहावीत अभ्यास वाढतो, हातात फोन येतो, मित्र काय म्हणतील याची काळजी सुरू होते, आणि हातातलं पुस्तक सुटतं. तुमच्याकडे त्यात आणखी एक गाठ आहे. तुमची बारा वर्षांची मुलगी इंग्रजी कादंबरीचा दोन दिवसांत फडशा पाडते, पण तिचं मराठी वाचन दुसरीतच अडकलेलं असतं. तिला झेपेल असं मराठी पुस्तक आणावं तर त्यात ससा आणि कासव. ती ते बाजूला सारते आणि आपण म्हणतो, हिला मराठीची आवडच नाही. अहो, बाराव्या वर्षी कासव जिंकलं काय आणि हरलं काय!

म्हणून माझं म्हणणं, सुट्टीत दोन गोष्टींची सरमिसळ करू नका. डोळ्यांनी वाचायचं ते तिला हवं ते, हव्या त्या भाषेत. मराठी कानांनी येऊ द्या.

आधी पहिली गोष्ट. फ्लोरिडात रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन या अभ्यासकांनी गरीब वस्त्यांमधल्या १७ शाळांतली मुलं निवडली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रत्येकाला १२ पुस्तकं दिली. असं सलग तीन वर्षं केलं. पुस्तकं निवडली मुलांनी. मोठ्यांनी कपाळाला हात लावावा अशी निवड होती, गाण्या-सिनेमातल्या माणसांची चरित्रं वगैरे. २०१० साली निष्कर्ष छापून आले. पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुलं वाचनात पुढे होती, आणि फरक उन्हाळी वर्गांमुळे पडतो साधारण तेवढा होता. ती मुलं तुमच्या मुलांपेक्षा लहान होती आणि घरात पुस्तकं नसलेली होती, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लागू करू नका. तुमच्या घरात पुस्तकांचा तोटा नाही. तोटा आहे तो ‘हे काय वाचतोयस?’ असं न म्हणणाऱ्या आई-बाबांचा.

आमच्या वेळी मे महिन्यात दुपार कलली की टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तक बदलायला जायचं. १८४० साली सुरू झालेली ही संस्था, आम्ही नाशिककर तिला सावाना म्हणतो. घरी एवढंच विचारायचे, ‘पुस्तक बदललंस का?’ कारण उशीर झाला तर दंड. काय वाचलं, काय बोध घेतला, कोणी विचारलं नाही. त्यामुळे मी रहस्यकथांचा ढीग वाचला आणि पुढे कधीतरी आपोआप कविता वाचायला लागले. इथल्या ग्रंथालयांत उन्हाळ्यात वाचनाचे तक्ते देतात, रोजची मिनिटं लिहायची आणि बक्षीस घ्यायचं. आठ वर्षांच्या मुलाला मजा येते. तेरा वर्षांचा मुलगा शेवटच्या दिवशी गाडीत बसून सगळी मिनिटं भरतो. (तो भरतो ती मिनिटं निदान कल्पक असतात.)

आता कानांचं. तुमच्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा नाशिकला संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. तिथले आजी-आजोबा फिरून आलेले, तुमची मुलं उशिरा उठून सीरिअल खात बसलेली. व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का, अभ्यास काय म्हणतो’ या दोन प्रश्नांत बोलणं संपतं, मग दोन्हीकडे नुसतं हसणं. त्यापेक्षा आजीनं पंधरा-वीस मिनिटं वाचून दाखवावं. भुताची गोष्ट, शिकारीची, चोर-पोलिसांची, गड चढण्याची. वाचता न येणारं मराठी या मुलांना ऐकून बरंच कळतं. आजीनं दोन पथ्यं पाळायची. शब्द अडला तर विचारल्यावरच सांगायचा. आणि चोर खिडकीतून आत पाय टाकतोय तिथे चष्मा काढून ‘उरलेलं उद्या’ म्हणायचं. शाळेत शेवटच्या तासाला मी हेच करायचे, आणि तो तास चुकवायला कोणी तयार नसे.

वाचायचं काय, असं आजी विचारेल. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. तुमच्यापैकी काहींना त्यात स्वतःचं लहानपण सापडेल, तेवढा वेळ मुलांना विसरू नका.

आणि मंडळासाठी एक. कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी नाशिकमधून २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची पेटी एका गटाकडे येते, वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. या पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही पोचल्यात. तुमच्या पेटीत मात्र चौथा हिस्सा तरी इंग्रजी ठेवा, आणि ती पुस्तकं सातवी-आठवीच्या मुलांनाच निवडू द्या. कार्यकारिणीतल्या कोणीही त्या यादीवरून पेन्सिल फिरवायची नाही.

चहाच्या टेबलावर मी एक कागद ठेवलाय. ज्यांचे आई-वडील, सासू-सासरे वाचून दाखवायला तयार होतील, त्यांनी गाव आणि सोयीची वेळ लिहून जा. ज्या मुलांचे आजी-आजोबा नाहीत, त्यांच्यासाठी नाशिकच्या आमच्या भिशीतल्या चार जणी तयार आहेत. त्यांपैकी एकीचा आवाज फार मोठा आहे, फोनचा आवाज कमी करून बसा.