‘काही औषधं चालू आहेत का?’

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आम्ही भूलतज्ज्ञ ठरलेले प्रश्न विचारतो. काही औषधं चालू आहेत का? दारू, तंबाखू, दुसरी कसली नशा? दोन्हींवर ‘नाही’ आलं की आम्ही पान उलटतो. चार दिवसांपूर्वी आयाहुआस्का हा अॅमेझॉनच्या जंगलातला, भास घडवणारा काढा प्यायलेला माणूसही इथे ‘नाही’च म्हणेल, आणि तो खोटं बोलत नसेल. त्याच्या लेखी ती गोळी नाही आणि व्यसन तर नाहीच नाही. ब्राझीलमधल्या सांतो दाइमे या पंथात हे पेय म्हणजे उपासनेचा गाभा. पेरूने 2008 मध्ये त्याच्या पारंपरिक वापराला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवलं. वारशाला कोण नशा म्हणेल?

हे पेय बहुतेकदा दोन वनस्पती एकत्र उकळून करतात. चाक्रुना या झुडपाच्या पानांत डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं. ते नुसतं गिळलं तर फारसं काही होत नाही, कारण आतडी आणि यकृतातलं एमएओ नावाचं विकर त्याचा आधीच फडशा पाडतं. दुसरी वनस्पती म्हणजे आयाहुआस्काची वेल. तिच्यातली हार्मिन, हार्मालिन ही द्रव्यं त्या विकरालाच रोखून धरतात. पहारेकरी झोपला की पानांतलं डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. रसायनशास्त्राचा गंध नसताना अॅमेझॉनच्या लोकांनी ही जोडी कशी शोधली, याचं मला आजही नवल वाटतं.

सगळ्यांचं कुतूहल असतं ते डीएमटीबद्दल, त्या दृश्यांबद्दल. माझं लक्ष मात्र वेलीवर. एमएओ रोखणाऱ्या गोळ्या नैराश्यावर 1950 च्या दशकापासून वापरात आहेत, आणि त्यांनी आम्हाला चांगलाच धडा दिलेला आहे. 1984 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशी गोळी चालू असलेल्या 18 वर्षांच्या मुलीला रुग्णालयात पेथिडीन हे वेदनाशामक दिलं गेलं. काही तासांत ती गेली. मृत्यूच्या नेमक्या कारणावर पुढे कोर्टात बराच वाद झाला. निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर तिथे मर्यादा आली तीही याच प्रकरणातून. पण पेथिडीन आणि एमएओरोधक एकत्र द्यायचे नाहीत, हे तेव्हाही पुस्तकात होतंच.

कारण असं की एमएओ सेरोटोनिन या चेतासंस्थेतल्या संदेशवाहक रसायनाचंही विघटन करतं. पेथिडीन त्याच सेरोटोनिनचं पुनर्शोषण अडवतं, ट्रामाडोल हे दुसरं वेदनाशामकही तेच करतं. इकडे विघटन थांबलेलं, तिकडे परतीची वाट बंद. मग सेरोटोनिन साचतं : ताप चढतो, घाम फुटतो, स्नायू ताठरतात, घोट्याला झटका दिला की पाऊल आपोआप थडथडत राहतं. या थडथडण्याला क्लोनस म्हणतात आणि निदानाची सगळ्यात भरवशाची खूण तीच.

आता गंमत बघा. गंमत कसली, संकटच आहे. भूल देताना आम्ही स्नायू शिथिल करणारी औषधं देतो. ही औषधं कुठून आली? दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या क्युरारे या वेलीपासून केलेल्या बाणांच्या विषातून. 1942 मध्ये माँट्रियलला हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते शस्त्रक्रियेत वापरून दाखवलं. शिथिल केलेलं पाऊल थडथडत नाही. एका वेलीने लावलेली आग त्याच रानातली दुसरी वेल झाकून टाकते! समोर उरतात ते चढता ताप आणि धावती नाडी. त्यावरून मॅलिग्नंट हायपरथर्मियाची, म्हणजे भुलीच्या काही औषधांनी ताप झपाट्याने चढणाऱ्या दुर्मिळ विकाराची, शंका आधी येते, आणि त्याचा उपचार वेगळा आहे.

दुसरा धोका रक्तदाबाचा. भूल दिल्यावर दाब उतरला की हात सवयीने इफेड्रिनकडे जातो. ते चेतातंतूंत साठलेलं, रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रेनलिन बाहेर काढतं. विकर बंद असताना हा साठा फुगलेला असू शकतो, आणि दाब भलताच उसळतो. अशा वेळी थेट काम करणारं फिनाइलेफ्रिन, तेही थोडं थोडं देत जाणं बरं. वेदनेसाठी पेथिडीनपेक्षा मॉर्फिन सुरक्षित.

दिलासा एवढाच की वेलीतली द्रव्यं विकराला कायमची निकामी करत नाहीत. जुन्या गोळ्यांचा परिणाम दोन आठवडे रेंगाळतो. हार्मिन काही तासांत ओसरू लागतं. म्हणून तातडीची नसलेली शस्त्रक्रिया थोडी पुढे ढकलली की बराचसा प्रश्न मिटतो. बराचसा म्हणते, कारण प्रत्येक काढा वेगळा. काही ठिकाणी त्यात तोए ही वनस्पती घालतात, धोतऱ्याच्या कुळातली. तिच्यात स्कोपोलामिन आणि अॅट्रोपिन असतं, आणि अॅट्रोपिन तर नाडी वाढवायला आमच्याही ट्रेवर असतं.

म्हणून मी हल्ली ‘नशा करता का’ एवढ्यावर थांबत नाही. अलीकडे कुठल्या विधीत, शिबिरात काही प्यायलात का, असं विचारते. कधी प्यायलात? आणि उलट्या किती झाल्या? या शेवटच्या प्रश्नाला माणसं अगदी मोकळेपणी, कधी कधी अभिमानाने उत्तर देतात, कारण त्यांच्या दृष्टीने ती ‘ला पुर्गा’, आतली घाण बाहेर पडणं. मी ते ऐकता ऐकता शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम किती गेलं असेल याचा हिशेब करत असते.