“डॉक्टर, खाली दुखतंय”

माझ्या ओपीडीत येणाऱ्या बाईचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. खाली म्हणजे कुठे, असं विचारलं की तिची मान वळते, आवाज बारीक होतो आणि ‘शंकेच्या जागी’ एवढंच उत्तर मिळतं. गुडघा दुखत असेल तर हीच बाई वाटीच्या वर की खाली, आतल्या बाजूला की बाहेरच्या, हे बोट ठेवून सांगते. म्हणून आज आपण नावं घेणार आहोत. लेकी आणि आया शेजारी शेजारी बसल्या आहेत, हे मला फार बरं वाटतंय.

पाय फाकवून आरशात पाहिलं की जो सगळा भाग दिसतो, त्याचं नाव भग. डॉक्टर त्याला व्हल्व्हा म्हणतात. आपण सरसकट ‘योनी’ म्हणतो, पण योनी हा आतला मार्ग. बाहेरून दिसतं ते फक्त तिचं तोंड. कडेला केस असलेले दोन जाड ओठ, ते बाह्य भगोष्ठ. त्यांच्या आत बिनकेसांचे, पातळ ओठ, ते अंतर्भगोष्ठ. या पाकळ्यांच्या मध्ये पुढून मागे शिश्निका म्हणजे क्लिटोरिस, मग बारीकसं मूत्रद्वार, मग योनिद्वार. गुदद्वार त्याच्याही मागे. लघवी आणि पाळी एकाच वाटेनं येते असं समजणाऱ्या शिकलेल्या बाया मला नेहमी भेटतात. योनीत बसवून पाळीचं रक्त गोळा करणारा मेन्स्ट्रुअल कप सुचवला की त्या घाबरून विचारतात, “मग लघवी कशी होणार?”

योनिद्वाराच्या दोन्ही कडांना खालच्या बाजूला वाटाण्याएवढ्या ग्रंथी असतात, बार्थोलिन ग्रंथी. त्यातल्या एकीची नळी तुंबली की एकाच बाजूला गाठ येते, बसवत नाही. “योनिद्वाराच्या डाव्या कडेला, खाली गाठ आहे,” असं कुणी सांगितलं, तर माझं निम्मं निदान तिथंच होतं.

आता हल्ली फार ऐकू येणारी एक तक्रार. मुली येतात आणि म्हणतात, “माझं वेडंवाकडं आहे, कापून सरळ करा.” 2005 साली लंडनच्या डॉक्टरांनी 50 स्त्रियांची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यात अंतर्भगोष्ठांची रुंदी 7 मिलिमीटरपासून 50 मिलिमीटरपर्यंत निघाली. म्हणजे कुणाच्या पाकळ्या आत झाकलेल्या, कुणाच्या बाहेर लोंबणाऱ्या, एक लहान आणि एक मोठी. सगळं निरोगीच. तिथली कातडी बाकीच्या अंगापेक्षा काळसर असते, तेही तसंच. गोरं करणारी क्रीम त्या नाजूक जागी कृपा करून लावू नका.

शिश्निकेबद्दल मात्र मला सावकाश बोलायचंय. दिसतो तो छोटासा दाणा म्हणजे तिचं फक्त टोक. आत तिचे दोन पाय ओटीपोटाच्या तळाच्या हाडांना धरून मागे जातात आणि दोन फुगवटे योनिद्वाराला दोन्हीकडून वेढतात. जर्मनीतले शरीररचनातज्ज्ञ कोबेल्ट यांनी 1844 मध्ये हे बारकाईनं चितारलं होतं. तरी मेलबर्नच्या मूत्ररोग शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांना 1998 मध्ये ते जगाला पुन्हा दाखवावं लागलं. गर्भात शिश्न आणि शिश्निका एकाच उंचवट्यातून घडतात, म्हणून उत्तेजनेत तीही रक्तानं भरते, ताठरते. 2022 मध्ये अमेरिकेत ओरेगॉनच्या संशोधकांनी तिच्या मज्जातंतूंची मोजदाद केली, ती सरासरी 10 हजारांच्या वर गेली. नुसत्या संभोगानं परमसुख मिळत नाही म्हणून कितीतरी बायका वर्षानुवर्षं स्वतःला दोष देतात. बायांनो, दोष तुमच्यात नाही. स्पर्श या जागेपर्यंत पोचलेलाच नसतो.

राहिलं योनिपटल. ते बंद दार नव्हे. योनिद्वाराच्या काठाची ती मऊ घडी, तिला बहुतेकींमध्ये जन्मतःच मोकळी जागा असते, नाहीतर पाळी बाहेर येणार कुठून? तिच्याकडे पाहून कौमार्य सांगता येत नाही. मलाही नाही, कुठल्याच डॉक्टरला नाही. बलात्कारपीडितेची ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, तिच्या प्रतिष्ठेवर घाला घालते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये सांगितलं आणि 2022 मध्ये ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं बजावलं. पहिल्या रात्रीची पांढरी चादर आपल्याच महाराष्ट्रात काही घरांत अजून तपासली जाते. त्या चादरीवर डाग नसल्यामुळे ज्या मुलींनी मार खाल्ला, त्यांच्या शरीरात काहीही कमी नव्हतं.

घरी गेल्यावर आरसा घ्या, उजेडात बसा, पाहा. पांढरट चट्टा, न भरणारी जखम, सततची खाज दिसली तर या. आता प्रश्न विचारा, जागेचं नाव घेऊन.