पिवळं पाणी, हिरवा गाळ

दृश्य: हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड क्रेनने टाकीबाहेर येतो.

या रॉडवर आता क्रोमियमचा २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर आहे. तो चढायला साधारण तास लागला. भोसरी, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींत हार्ड क्रोमचं (पोलादावर विजेने जाड, कठीण क्रोमियम चढवण्याचं) जॉबवर्क करणाऱ्या शॉपमध्ये हे रोजचंच काम.

टाकीतल्या लालसर-तपकिरी द्रावात लिटरमागे २५० ग्रॅम क्रोमिक अ‍ॅसिड आणि फक्त २.५ ग्रॅम सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं. शंभरास एक. हे प्रमाण जपण्यातच प्लेटिंगवाल्याची निम्मी कसोटी. सल्फ्युरिक अ‍ॅसिडमधलं सल्फेट कमी पडलं तर थर मंद चढतो, तपकिरी किंवा इंद्रधनुषी डाग पडतात. जास्त झालं तर खाचाखोचांत क्रोम पोचतच नाही. मग बेरियम कार्बोनेट टाकून जादा सल्फेट खाली बसवावं लागतं. तापमान ५५ अंशांच्या आसपास. प्रवाह दर चौरस डेसिमीटरला ३० ते ५० अँपिअर. कडांवर प्रवाह गोळा होतो आणि तिथलं प्लेटिंग करडं, खरखरीत होतं. कामगार त्याला ‘जळालं’ म्हणतात. मध्येच वीज गेली तर त्याच थरावर पुन्हा सरळ काम सुरू करून चालत नाही. नवा थर जुन्याला धरत नाही, पापुद्रे सुटतात.

दृश्य: बाहेर काढलेल्या शिशाच्या अ‍ॅनोडचा क्लोजअप.

शिशाचा हा अ‍ॅनोड, म्हणजे विजेचं धन टोक, चॉकलेटी दिसतोय, म्हणजे तो निरोगी आहे. हा रंग लेड डायऑक्साइडचा. टाकी बरेच दिवस बंद राहिली की त्यावर लेड क्रोमेटचं पिवळं कवच चढतं. मग प्रवाह नीट वाहत नाही आणि टाकीत त्रिसंयुजी (तीन संयुजेचं) क्रोमियम साचत जातं. ते कवच घासून काढायचं ते ओलं असतानाच. कोरडं घासलं तर शिसं आणि क्रोमेट दोन्हींची धूळ थेट छातीत जाते.

आता टाकीच्या पृष्ठभागाकडे बघा. फेसाळतोय. दिलेल्या विजेतली जेमतेम १० ते २० टक्के वीज धातू चढवते, बाकीची बहुतेक पाणी फोडण्यात जाते. हायड्रोजनचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि फुटताना क्रोमिक अ‍ॅसिडचे सूक्ष्म थेंब हवेत उडवतात. शॉपमधला खरा धोका हाच. यातला काही हायड्रोजन पोलादातही शिरतो. म्हणून जास्त ताकदीच्या पोलादाचा जॉब प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवतात. हे टाळलं तर वरून झकास दिसणारा बोल्ट भाराखाली अचानक तुटतो.

दृश्य: हातमोजे, टाकीच्या काठाची सक्शन फट.

क्रोमियम तेच, पण शरीराच्या दृष्टीने सगळा फरक संयुजेचा, म्हणजे ते कोणत्या रासायनिक अवस्थेत आहे याचा. रॉडवरचा धातू जवळपास निरुपद्रवी. माणकाचा लाल रंग, रंगांच्या डब्यातला क्रोम ऑक्साइड हिरवा, चामडं कमावण्याचं क्रोम सल्फेट, हे सगळं त्रिसंयुजी. ते पेशीत सहजी शिरत नाही. (कोल्हापुरी चपलेच्या पारंपरिक चामड्यात तर तेही नसतं, तिथे बाभळीची साल आणि हिरडा.) टाकीतलं क्रोमिक अ‍ॅसिड मात्र षट्‌संयुजी (सहा संयुजेचं), आणि अशा क्रोमेटची ठेवण सल्फेटसारखी असते. पेशी त्याला सल्फेट समजून आत घेते. आत त्याचं क्षपण होतं, म्हणजे ते षट्‌संयुजीचं त्रिसंयुजी होतं, आणि त्या ओघात डीएनएला इजा होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये षट्‌संयुजी संयुगांना मानवात निश्चित कर्करोगकारक ठरवलं. मुख्य धोका फुप्फुसाचा.

त्याआधी नाक सांगतं. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला व्रण पडतो आणि हळूहळू आरपार भोक पडतं. बहुधा दुखत नाही, म्हणून कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला खोल, गोल, फारशा न दुखणाऱ्या जखमा होतात. गवंड्यांच्या हातावरच्या चिवट इसबामागेही अनेकदा सिमेंटमधलं अल्प षट्‌संयुजी क्रोमियम असतं. म्हणूनच युरोपात सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून त्याचं प्रमाण दहा लाखांत दोन भागांखाली ठेवतात.

कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही. तो ओला झाला की अ‍ॅसिड उलट चेहऱ्याला चिकटून राहतं. पहिला बचाव टाकीच्या काठाचं सक्शन आणि पुढचा स्क्रबर, म्हणजे शोषलेली हवा धुणारं यंत्र. सांडलेलं क्रोमिक अ‍ॅसिड लाकडी भुश्याने किंवा तेलकट चिंध्यांनी टिपू नका, पेट घेऊ शकतं. अंगावर उडालं तर कपडे काढून लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. मोठ्या भाजण्यात क्रोमियम कातडीतून शिरून मूत्रपिंडं निकामी करू शकतं.

दृश्य: धुवणाचं पिवळं पाणी ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) टाकीत.

रॉड धुतलेलं हे पाणी. समजा हजार लिटर आहे आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम षट्‌संयुजी क्रोमियम, म्हणजे एकूण १०० ग्रॅम. आधी सल्फ्युरिक अ‍ॅसिडने पीएच २ ते २.५ वर आणायचा. मग सोडियम मेटाबायसल्फाइट: हिशेबाने २७४ ग्रॅम, प्रत्यक्षात ३०० ते ३५०. पिवळा जाऊन पाणी हिरवं होतं. पीएच ४ च्या वर राहिला तर क्रिया इतकी रेंगाळते की माणूस कंटाळून पुढे ढकलतो, आणि फसतं ते इथेच. नंतर चुना किंवा कॉस्टिक सोड्याने पीएच ८ ते ८.५. हिरवट गाळ खाली बसतो. चुना सढळ हाताने पडून पीएच १० च्या वर गेला तर तोच गाळ परत विरघळू लागतो.

दोन प्रकारची सरमिसळ कधीही होऊ द्यायची नाही. दुसऱ्या प्लेटिंगच्या टाकीतलं सायनाइडचं धुवण या आम्लात आलं तर हायड्रोजन सायनाइड निघतो, तो जीवघेणा. आणि सायनाइड मारायला वापरलेलं हायपोक्लोराइट क्रोमच्या गाळात गेलं, तर त्रिसंयुजीचं पुन्हा षट्‌संयुजी होतं.

रंग गेला म्हणजे काम झालं, असं नाही. डायफेनिलकार्बाझाइडची चाचणी डोळ्याला न दिसणारं प्रमाणही जांभळट रंगाने दाखवते. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात षट्‌संयुजीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियमची २. गाळ दाबून, सुकवून, नोंदीसह तळोजा किंवा रांजणगावसारख्या घातक कचरा केंद्रात जातो.

नळ, हँडल अशा शोभेच्या वस्तूंवर क्रोम सहसा अर्ध्या मायक्रॉनहून जाड नसतं. तिथे त्रिसंयुजी बाथ (प्लेटिंगचं द्रावण) सरळ चालतो. छटा किंचित गडद येते एवढंच. रॉडवरचा जाड, कठीण थर मात्र त्या बाथमधून काढणं अजून अवघड आहे, त्यामुळे बदल करायचाच असेल तर शोभेच्या टाकीपासून सुरुवात करावी.