बल्ब बदलण्याआधी पेटी उघडा

मंडळी, बागेतले जुने १२ व्होल्टचे हॅलोजन दिवे काढून एलईडी बसवायचे ठरलं की आपण आधी बल्ब घेऊन येतो. मीही तेच केलं होतं. आठ काढले, आठ बसवले, अर्ध्या तासात काम फत्ते. रात्री बटण दाबलं तर अख्खी बाग लुकलुकायला लागली, काजव्यांची जत्राच जणू. बल्ब खराब आले म्हणून बदलून आणले, तर तेही तसेच. तेव्हा कुठे भिंतीवरची, घरची वीज १२ व्होल्टवर आणणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची पेटी उघडायची बुद्धी झाली. आत एक इवलासा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर होता आणि त्यावर स्पष्ट छापलेलं होतं: किमान भार ५० वॉट, म्हणजे त्यावर निदान एवढे वॉट ओढणारे दिवे हवेत. माझ्या आठ नव्या बल्बांचा मिळून भार होता ३२ वॉट.

म्हणून पेटीपासून सुरुवात करा. ट्रान्सफॉर्मर हातात जड लागत असेल आणि चालू असताना हलकासा गुणगुणत असेल, तर तो लोखंडी गाभ्याचा जुना प्रकार. त्याला किमान भाराची अट नसते, तो सहसा तसाच ठेवता येतो. हलका, तळहाताएवढा असेल तर तो इलेक्ट्रॉनिक. तो हॅलोजनची भूक गृहीत धरून बनवलेला असतो. ती भूकच उरली नाही की तो अडखळतो. एलईडीला चालेल असा दुसरा घ्या आणि मोकळे व्हा. घेताना वॉटची बेरीज करून थांबू नका, व्हीए बघा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर प्रत्यक्ष पडणारा भार). ४ वॉटचा एलईडी त्याच्या पॉवर फॅक्टरमुळे (वॉट आणि व्हीए यांच्या गुणोत्तरामुळे) ६-७ व्हीए मागू शकतो.

आता तारेकडे येतो. माझ्या मते सगळ्यात मजेशीर भाग हाच. १२ व्होल्टच्या एका तारेवर २० वॉटचे दहा हॅलोजन म्हणजे २०० वॉट, म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर. एवढा करंट लांब तारेतून गेला की वाटेतच दोन-अडीच व्होल्ट गळतात आणि शेवटचे दिवे पिवळट, मलूल पडतात. यावर जुन्या वायरमन मंडळींची तोड ठरलेली. ट्रान्सफॉर्मरवर १३, १४, १५ व्होल्टचे वेगवेगळे टॅप, म्हणजे तार जोडायची टोकं असतात, त्यातला वरचा टॅप लावून द्यायचा. गळायचं ते गळू दे, शेवटी १२ पोचले म्हणजे झालं! तोड बरोबरच होती.

त्याच तारेवर ४ वॉटचे दहा एलईडी लावले की करंट उतरतो साडेतीन-चार अँपिअरवर. गळती करंटच्या प्रमाणात असते, त्यामुळे अडीच व्होल्टची गळती अर्ध्या व्होल्टच्या आसपास येते. टॅप मात्र अजून १५ वरच! म्हणजे बिचाऱ्या बल्बांना साडेचौदा व्होल्ट. चांगले एलईडी बल्ब बरीच चढउतार सोसतात, पण निव्वळ १२ व्होल्टसाठी बनवलेले स्वस्तातले महिना-दोन महिन्यांत माना टाकतात, आणि लोक म्हणतात, एलईडी टिकत नाही. बल्ब बसवून झाले की शेवटच्या दिव्यापाशी व्होल्ट मोजायचा मीटर धरा आणि टॅप खाली आणा. पाच मिनिटांचं काम आहे.

फिटिंगबद्दल. तांब्या-पितळेची जुनी फिटिंग असेल तर ती मोडीत घालायची घाई करू नका, तसली आता सहज मिळत नाहीत. पण होल्डर तपासा. हॅलोजनच्या उष्णतेनं पिनांच्या खाचा करपून सैल झालेल्या असतात. नवा बल्ब सैल खाचेत बसवला की पुन्हा लुकलुक. होल्डरच बदला, आणि मातीतले तारांचे जोडही उकरून बघा.

एक गंमत सांगतो. हॅलोजन तापायचा, त्यामुळे फिटिंगमध्ये शिरलेली ओल तोच वाळवून टाकायचा. त्या उष्णतेनं कितीतरी वर्षं आपल्या फाटक्या गॅस्केटांवर (पाणी अडवणाऱ्या रबरी पट्ट्यांवर) पांघरूण घातलं होतं. एलईडी थंड राहतो. मग ओल आत तशीच राहते, काचेवर दव धरतं आणि पिनांवर हिरवा गंज चढतो. म्हणून बल्बबरोबर गॅस्केटही बदला. एलईडी थंड, पण तो समोरून. त्याची उष्णता मागे बुडाशी जाते आणि त्याची इलेक्ट्रॉनिक्स नेमकी तिथेच असते. जमिनीत पुरलेल्या बंद फिटिंगमध्ये ती कोंडली की खोक्यावर छापलेले २५,००० तास विसरा. बंद फिटिंगसाठी चालतो असं लिहिलेलाच बल्ब घ्या.

उजेडाचं थोडक्यात. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळसर. २७०० केल्विन घ्या, फार तर ३०००. त्यापुढे पानं निळसर आणि भिंती दवाखान्यासारख्या दिसतात. किरणांचा कोन मात्र वॉटपेक्षा महत्त्वाचा: उंच सरळ खोडाला १५ अंश, पसरट झुडपाला ६०. ५० वॉटच्या हॅलोजनच्या जागी ६-७ वॉट पुरतात. ‘वीज वाचतेच आहे, लावू या दहाचा’ असं म्हणणारे भेटतात, आणि मग त्यांच्या झाडाला सावलीच उरत नाही.

मेटल हॅलाइडचे मोठे दिवे असतील, तर चोक (करंट आवरणारा) आणि इग्निटर (दिवा पेटवणारा) सर्किटमधून काढावे लागतात. ते वायरमनचं काम, तिथे हात घालू नका.

आणि सगळी बाग एकदम बदलू नका. आधी एक तार बदला आणि पहिला जोराचा पाऊस त्यावरून जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी काचा उघडून आत बघा. कुठल्या फिटिंगमध्ये पाणी आलंय ते तिथेच कळेल.