आधी गोल वाचवा: खालिद जमील

29 ऑगस्ट 2025. ताजिकिस्तानातलं हिसोर. मध्य आशियाई देशांची काफा नेशन्स कप फुटबॉल स्पर्धा, समोर यजमान ताजिकिस्तान. सामन्याचं पाचवं मिनिट. बाजूरेषेवरून उवैसचा लांब थ्रो, गोलसमोर अन्वर अलीचं हेडर, आणि भारत 1-0 पुढे. तेराव्या मिनिटाला संदेश झिंगनचा दुसरा गोल. शेवटी 2-1. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांचा हा पहिला सामना.

हा थ्रो जरा थांबून बघा. 68 मीटर रुंद मैदानात बाजूरेषेपासून जवळचा गोलखांब 30 मीटरवर असतो, आणि गोलसमोरच्या सहा यार्डांच्या चौकोनाची कड साधारण 25 मीटरवर. तिथपर्यंत चेंडू सपाट पोचवणारा खेळाडू हाताशी असेल, तर प्रत्येक थ्रो म्हणजे एक कॉर्नरच, म्हणजे कोपऱ्यातून गोलसमोर मारलेली किक. शिवाय थ्रोवर ऑफसाइड नसतो, म्हणजे चेंडू घेणारा बचावपटूंच्या पुढे उभा असला तरी चालतं. एक उंच खेळाडू जवळच्या खांबाशी उभा राहून चेंडू डोक्याने मागे सरकवतो, दोघे मागून धावत येतात, एक जण पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी सुटलेल्या चेंडूसाठी थांबतो. फसतं कुठे? थ्रो उंच गेला की गोलकीपरला पुढे यायला वेळ मिळतो. आणि झिंगनसारखे बचावपटू पुढे गेलेले असताना चेंडू हातचा गेला, तर मागे उरलेल्या दोघा-तिघांवर सगळा भार येतो.

ही कमी साधनांतली शाळा आहे, आणि ती मुंबईतली.

1977 साली कुवेतमध्ये जन्मलेले जमील मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीचे खेळाडू. क्लब महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी. दुखापतींनी खेळ लवकर थांबवला. 2009 साली, बत्तिसाव्या वर्षी, त्याच मुंबई एफसीची सूत्रं त्यांच्या हाती आली. पैसा बेताचा, मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम चालू असताना घरचे सामने पुण्यात बालेवाडीला. अशा संघाला मोकळा खेळ परवडत नाही. बचाव आणि मधली फळी यांच्यात दहा-बारा मीटरच अंतर, चेंडू मिळाला की थेट पुढे. सात वर्षं संघ आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय क्लब साखळीत, टिकला. पुढे भारताकडून खेळलेला बचावपटू राहुल भेके याच संघातून पुढे आला.

2016 मध्ये जमील आयझॉलला गेले. आयझॉल एफसी आदल्या हंगामात खालच्या गटात घसरला होता; गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली. जमील यांनी मुंबईचे आशुतोष मेहता आणि जयेश राणे सोबत घेतले, मधल्या फळीत सीरियाचा अल अमना, बाकी मिझो पोरं. 22 एप्रिल 2017 रोजी मोहन बागानवर 1-0, गोल 83व्या मिनिटाला. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये, शिलाँग लाजाँगविरुद्ध, विजेतेपदासाठी एक गुण पुरेसा होता. नवव्या मिनिटाला लाजाँगने आघाडी घेतली, 67व्या मिनिटाला लालनुनफेलाने बरोबरी साधली. आयझॉल 37 गुण, बागान 36; आय-लीग आयझॉलची. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये याहून मोठी गोष्ट आम्हाला ठाऊक नाही. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून खाली गेला.

कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, दोन्हीकडचा मुक्काम थोडकाच ठरला. मग इंडियन सुपर लीगमधला नॉर्थईस्ट युनायटेड. जानेवारी 2021 मध्ये हंगामाच्या मध्यावर संघ हाती आला तेव्हा 11 सामन्यांत 12 गुण होते. उरलेल्या नऊ सामन्यांत एकही हार नाही: सहा विजय, तीन बरोबऱ्या, 33 गुण, तिसरा क्रमांक. पण पुढच्या हंगामात तोच संघ दहावा. आखडून खेळणाऱ्या संघाने पहिला गोल खाल्ला की त्याला पुढे यावंच लागतं, आणि मग फळ्यांमधलं ते दहा-बारा मीटरचं अंतर वीसवर जातं.

जमशेदपूर क्लबला 2025 मध्ये देशातल्या क्लबांच्या सुपर कपच्या अंतिम फेरीत नेल्यानंतर भारताच्या प्रशिक्षकाचं पद आलं. तेरा वर्षांनी भारतीय प्रशिक्षक. हिसोरमध्येच, काफाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात, ओमानविरुद्ध उदांताने बरोबरी साधली, तीही लांब थ्रोवरूनच, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये 3-2 असा विजय मिळवून भारत तिसरा आला.

14 ऑक्टोबर. मडगाव, फातोर्डा. आशिया चषक पात्रतेत सिंगापूरविरुद्ध छांगटेने चौदाव्या मिनिटालाच गोल केला. आता फक्त राखायचं होतं, म्हणजे जमील यांचं हातखंडा काम. 44व्या मिनिटाला सिंगापूरच्या साँगने बरोबरी केली, 58व्या मिनिटाला त्याचाच दुसरा गोल. उरलेला अर्धा तास भारताला दार फोडायचं होतं. ते फुटलं नाही. 1-2, आणि पात्रतेची आशा तिथेच संपली.